चाळिसाव्या दिवशी सुटलेला आरसा

रादिसाव गाडीतच गेला. बाजारातून आला, अंगणात अक्रोडाखाली गाडी उभी केली, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, आणि मग उतरलाच नाही. सप्टेंबरचा महिना होता. घरोघर ढोबळ्या मिरच्या भाजत होत्या आणि त्यांचा वास गल्लीभर पसरला होता. त्याची बायको झिव्का चुलीपाशी मिरच्या सोलत बसली होती. एवढा वेळ हा माणूस गाडीत काय करतोय, असं पुटपुटत ती हात पुसत बाहेर आली. रादिसाव सीटवर सरळ बसला होता, टोपी डोक्यावर, हात मांडीवर. तिला नीट दिसत नव्हतं, म्हणून तिनं त्याच्या गालाला हात लावून पाहिला.

ज्या घरात माणूस जातो त्या घरातले आरसे चाळीस दिवस झाकायचे, हे त्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. गेलेल्याचा जीव तेवढे दिवस घराभोवती फिरत असतो. त्याला आरशात आपलं रूप दिसायला नको, नाहीतर त्याचा पाय निघत नाही. झिव्कानं न्हाणीतला आरसा झाकला, कपाटाच्या दाराचा झाकला. मग थोडा वेळ घरात उभी राहिली आणि आपला काळा रुमाल घेऊन अंगणात गेली. गाडीच्या पुढच्या काचेवर, आतून मधोमध, मागचं दाखवणारा तो लांबट आरसा होता. तिनं त्याला रुमाल गुंडाळला आणि गाठी मारल्या. जीव गेला तो तिथे. मग तिथला आरसा उघडा कसा ठेवायचा?

नेवेंका ही त्यांची एकुलती एक मुलगी. सत्तेचाळीस वर्षांची, झायेचार शहरात टपाल कचेरीत खिडकीवर बसणारी. आईनं गाडीतला आरसा झाकलाय हे तिनं पाहिलं. तिला काळजी दुसरीच होती.

झिव्काचा डावा डोळा कधीच गेला होता. उजव्यावर मोतीबिंदू होता, आणि तो इतका पिकला होता की समोरचा माणूस तिला चालीवरून ओळखावा लागे. निश शहरातल्या दवाखान्यात ऑपरेशनसाठी नाव घालून चौदा महिने झाले होते. नंबर लागला तो नोव्हेंबरमधल्या एका मंगळवारी. रादिसावनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती लाल गोल काढून ठेवला होता, रोज जेवताना तो त्याच्याकडे बघून बोट नाचवायचा. तो स्वतः गाडीनं नेणार होता. आता ते काम नेवेंकाकडे आलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की आणखी थांबलात तर मोतीबिंदू दगडासारखा होईल, मग काढणं कठीण. आणि मंगळवार चुकला की नाव पुन्हा यादीच्या शेपटीला.

चाळिसावा आला तो शनिवारी, त्या मंगळवारच्या तीन दिवस आधी. कबरस्तानात पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटल्या, कबरीवर वाइन शिंपडली गेली, शिजवलेला गोड गहू चमचाचमचा सगळ्यांनी खाल्ला. घरी बीन्सचं जेवण झालं. पाहुणे गेले. मग झिव्का उठली आणि तिनं आरसे उघडायला सुरुवात केली. न्हाणीतला, कपाटाचा. नेवेंका भांडी घासत होती. खिडकीतून तिला आई अंगण ओलांडून गाडीकडे जाताना दिसली.

चाळीस दिवसांच्या दमटपणानं गाठी घट्ट झाल्या होत्या. झिव्कानं नखं लावली, दात लावले, शेवटी दोन्ही हातांनी ओढलं. रुमाल आला, आणि रुमालाबरोबर आरसाही आला. तो गिअरच्या दांडीवर आपटला आणि पायाशी पडला. काच फुटली नाही. पण तो आवाज नेवेंकाला स्वयंपाकघरात ऐकू गेला.

ती धावत गेली तेव्हा आई गाडीच्या उघड्या दारात बसून होती. रागावलेली नाही, रडणारी नाही. शांत. नेवेंकाला त्या शांतपणाचीच भीती वाटली.

"तो एकटा जात नाहीये," झिव्का म्हणाली. "मला बोलावतोय."

त्या गावात आपोआप पडलेल्या आरशाचा अर्थ लहान मुलालाही माहीत असतो: घरातलं आणखी एक माणूस जाणार. आणि हा तर चाळिसाव्या दिवशी पडलेला. त्या घरात उरलं होतंच कोण? झिव्कानं तिथेच सांगून टाकलं की ती मंगळवारी जाणार नाही. आंधळी होईन, पण घरात मरेन. ऑपरेशनच्या टेबलावर मरणार नाही.

नेवेंकानं आधी समजावलं. मग म्हणाली, ही गाडी नको असेल तर मी भाड्याची बोलावते. झिव्का म्हणाली, प्रश्न गाडीचा नाही.

तेव्हा नेवेंकाला वाटलं, आरसा होता तिथे परत बसला तर आईच्या मनातलं भूतही बसेल. संध्याकाळ व्हायच्या आत तिनं कामाला हात घातला. काचेवर पूर्वी जिथे आरसा होता तिथे जुन्या गोंदाचा पिवळा डाग होता. त्यावर आरशाची बोटाच्या पेराएवढी धातूची चकती चिकटवायची, एवढंच काम. वडिलांच्या खणात झटपट चिकटणाऱ्या गोंदाची एक नळी सापडली. काच मात्र आधी स्वच्छ हवी, हे तिला ठाऊक होतं. आणि काच कशानं स्वच्छ करायची, याचा तिला विचारही करावा लागला नाही. त्या घरात राकियाशिवाय, घरी गाळलेल्या फळांच्या दारूशिवाय, कुठलं काम व्हायचं? ताप आला तर ती छातीला चोळायची, पाय मुरगळला तर पट्टी भिजवायची, दात दुखला तर चूळ धरायची. रादिसाव हिवाळ्यात गाडीची काच घरच्या राकियानंच पुसायचा. नेवेंकानं फळीवरची बाटली घेतली, फडक्यावर ओतली, डाग पुसला, चकतीला गोंद लावला आणि दाबून धरली. पाच मिनिटांनी सोडलं. आरसा जागच्या जागी. तिनं आईला हाक मारून सांगितलंही. झिव्कानं मान हलवली आणि देवापुढचा दिवा सारखा करायला गेली.

रविवारी सकाळी नेवेंका उठली तेव्हा आईचं अंथरूण रिकामं होतं. ती गाडीत सापडली, बाजूच्या सीटवर, कोट अंगावर घेऊन. आरसा तिच्या मांडीत होता.

"हात लावून बघायला आले होते," झिव्का म्हणाली. "खालीच पडलेला होता. पोरी, दोनदा सांगितलं त्यानं. तिसऱ्यांदा सांगायला लावू नकोस."

नेवेंकाचा तोल तिथे सुटला. ती काय काय बोलली ते तिला नंतर आठवायलाही नको वाटलं. बाबा बोलावत नाहीत, तूच जायला निघाली आहेस, असं काहीतरी. झिव्कानं ऐकून घेतलं. मग तिनं आरसा मुलीच्या हातात दिला, दाराला धरून उतरली आणि भिंत चाचपत घरात गेली.

नेवेंका आरसा हातात घेऊन गल्लीतून चालू लागली. तीन घरं टाकून तिहोमिर मास्तर राहत होते.

मास्तरांनी चाळीस वर्षं गावच्या शाळेत हस्तव्यवसाय शिकवला होता. करवत, कानस, सोल्डर, तारेची घंटा. आता शाळा बंद होती, कारण गावात मुलंच नव्हती. मास्तर एक्याऐंशी वर्षांचे झाले होते. त्यांच्या गाडीखान्यात हत्यारं भिंतीवर टांगलेली असत, आणि प्रत्येक हत्यारामागे त्याची रेघेनं काढलेली आकृती असे, म्हणजे कुणी पक्कड नेली की भिंतीवर पक्कडीची सावली उरायची. नेवेंका सहावीत असताना तिच्या कानशीखाली लोखंडाचा तुकडा तीन वेळा वाकडा झाला होता, आणि मास्तरांनी तीनही वेळा फक्त विचारलं होतं, "का झालं असेल असं?"

आताही त्यांनी सगळं ऐकलं. ते अंधश्रद्धा वगैरे काही म्हणाले नाहीत. आरसा खिडकीपाशी नेऊन चकतीवरून अंगठा फिरवला आणि विचारलं की काच कशानं पुसलीस. राकियानं, ती म्हणाली. कुठल्या राकियानं? घरच्या. घरच्या म्हणजे तळघरातल्या की फळीवरच्या? फळीवरच्या. मास्तरांनी टोपी घातली.

अंगणात त्यांनी आधी बराच वेळ गाडीच्या काचेकडे नुसतं बघितलं. मग खिशातून ब्लेड काढून डागाचा थोडा चुरा कागदावर घेतला. नेवेंकानं पुसायला वापरलेलं फडकं अजून सीटवरच पडलं होतं, तेही उचललं. दोन्ही घेऊन ते स्वयंपाकघरात गेले, झिव्काच्या समोर बसले आणि फडकं तिच्यापुढे ठेवलं.

"वहिनी, जरा हे हुंगता?"

झिव्कानं फडकं नाकाशी नेलं. तिच्या कपाळावर आठी पडली. तिनं पुन्हा हुंगलं.

"ही माझी खोकल्याची बाटली आहे," ती म्हणाली. मग चेहरा मुलीच्या पावलांच्या आवाजाकडे वळवून, "मध घातलेली राकिया काचेला लावलीस?"

रादिसाव दर उन्हाळ्यात बायकोच्या हिवाळ्यातल्या खोकल्यासाठी एका बाटलीत मध आणि अक्रोडाची कोवळी फळं घालून ठेवायचा. काचेसाठी, पट्टीसाठी जी लागायची ती तळघरात, पहिल्या धारेची, पाण्यासारखी स्वच्छ. बाटल्या सारख्याच, गडद काचेच्या. नेवेंका वीस वर्षं त्या घराबाहेर होती, तिला हे कोण सांगणार? मधाचा पातळ थर काचेवर बसला आणि गोंद त्या थराला धरून बसला, काचेला नाही. रात्रीच्या ओलाव्यात थर सैल झाला.

"टपालात बसून दिवसभर तिकिटं चिकटवतेस," झिव्का म्हणाली, "आणि चिकट काय असतं ते कळत नाही तुला."

चाळीस दिवसांत नेवेंकानं आईचा तो आवाज ऐकला नव्हता. तिला ते टोमणे अजून दहा-बारा हवे होते.

पण झिव्कानं फडकं बाजूला सारलं. म्हणाली, ही दुसरी खेप झाली. मध होता, मान्य. पहिल्या खेपेला कुठे मध होता?

मास्तरांनी कागद उघडला आणि तिचा तळहात पुढे घेऊन चुरा त्यावर ओतला. दोन बोटांनी चोळून बघा, म्हणाले. तिनं चोळलं. शिळ्या पावाचा कडक चुरा असावा तसं ते होतं. हा तीस वर्षांचा गोंद, मास्तर म्हणाले. उन्हाळ्यात तापलेला, हिवाळ्यात गोठलेला. मग त्यांनी विचारलं, रुमालाला गाठी किती होत्या?

"दोन."

मास्तर थांबले.

"वर तिसरी," झिव्का म्हणाली. "सुटू नये म्हणून."

"आणि ओढलंत कसं?"

तिनं हातानं दाखवलं. दोन्ही मुठी छातीशी येईपर्यंत. दाखवताना तिचं तिलाच दिसलं की तिनं केवढी ओढ दिली होती. तिनं हात हळूच टेबलावर ठेवले.

मास्तर म्हणाले, "वहिनी, आरसा पडला हे खरं. कशानं पडला हेही खरं. दोन्हींतलं काय धरून चालायचं ते मी सांगणार नाही, ते तुमचं. पण आरसा परत बसवायचा झाला तर मला एक हात लागेल. माझा थरथरतो, बघा." त्यांनी तिचा हात आपल्या मनगटावर ठेवला. तो खरंच थरथरत होता. "नेवेंका घासून देईल, गोंद लावील. पण दाबून धरायला तिचा उपयोग नाही. तिच्या हाताला घाई आहे. शाळेतही होती."

झिव्कानं हात मागे घेतला. मग म्हणाली की आज रविवार आहे, रविवारी कामाला हात लावत नाहीत. मास्तरांनी मान डोलावली आणि टोपी उचलली. ते देवाधर्मातले नव्हते, पण रविवारी त्यांनी आजवर कुणाच्या दारात हातोडी मारली नव्हती.

सोमवारी पहाटेच्या बसनं नेवेंका गावाबाहेर पडली आणि दुपारी परत आली. मास्तरांनी चिठ्ठीवर लिहून दिल्याप्रमाणे तिनं खास आरशासाठीचा गोंद आणला होता. दोन भागांचा होता तो: एक पातळ पाणी काचेला लावायचं, एक थेंब चकतीला. मास्तर अंगणात तिची वाट बघत उभे होते. त्यांनी गरम पाण्याची रबरी पिशवी कोटाच्या आत धरली होती.

आता ती शाळेतल्यासारखी त्यांच्यासमोर उभी राहिली आणि मास्तरांनी तिला एकही गोष्ट सांगितली नाही, सगळ्या विचारल्या. चकती कुठे बसणार? काचेवर. काचेवर कुठे? पूर्वी होती तिथे. पण डाग घासून टाकला की ती जागा कळणार कशी? नेवेंका थांबली, मग तिनं साबणाची वडी आणून बाहेरच्या बाजूनं काचेवर डागाभोवती रेघ ओढली. बाहेरून का? कारण आतली पुसली जाईल. मास्तर हसले नाहीत, पण त्यांच्या डोळ्यांना ते काम आवडलं हे तिला कळलं.

तिनं ब्लेडनं जुना गोंद खरवडला. ब्लेड आडवं धर, एवढं मात्र मास्तर म्हणाले. चकतीच्या पाठीवरचा गोंद बारीक पॉलिश-कागदानं घासला, धातू चमकेपर्यंत. मग पर्समधून नखांचा रंग काढायचं पाणी घेतलं आणि स्वच्छ कापसानं काच पुसली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, कापूस पांढरा येईपर्यंत. त्यानंतर तिनं नकळत बोट टेकवून बघितलं, आणि मास्तर नुसते तिच्या बोटाकडे बघत राहिले. तिनं चौथ्यांदा पुसलं.

काच बर्फासारखी थंड होती. मास्तरांनी कोटाच्या आतून पिशवी काढून दिली आणि ती आतून काचेला टेकवून ठेवायला सांगितली. थंड काचेवर गोंद झोपून राहतो, म्हणाले, त्याला जागं करावं लागतं.

पिशवी धरून ती बसली होती तेव्हा घराचं दार वाजलं. झिव्का बाहेर आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिनं डोक्याला स्वच्छ रुमाल बांधला होता आणि हात कोपरापर्यंत धुतले होते, पीठ मळायच्या आधी धुवावेत तसे. ती भिंतीला धरून, मग अक्रोडाला धरून गाडीपर्यंत आली आणि बाजूच्या सीटवर बसली.

"कुठे दाबायचं?" एवढंच तिनं विचारलं.

नेवेंकानं काचेला पातळ पाणी लावलं, वाळू दिलं, चकतीवर गोंदाचा एक थेंब सोडला आणि आईचा अंगठा धरून चकतीसकट रेघेच्या आत टेकवला. मास्तर गाडीच्या पुढे जाऊन उभे राहिले. बाहेरून, साबणाच्या रेघेच्या आत, त्यांनी आपलं थरथरणारं बोट काचेला लावलं. आत झिव्काचा अंगठा, बाहेर मास्तरांचं बोट, मध्ये काच.

"दोन मिनिटं," ते काचेपलीकडून मोठ्यानं म्हणाले. "हलवायचं नाही."

झिव्का म्हणाली, मला घड्याळ दिसत नाही, दोन मिनिटं मी कशी मोजू? नेवेंका म्हणणार होती की मी मोजते. पण झिव्कानं स्वतःच मार्ग काढला.

"मी नावं घेते," ती म्हणाली. "तेवढा वेळ होतो."

तिथल्या देवळात दोन चिठ्ठ्या देतात. एकीवर गेलेल्यांची नावं, दुसरीवर हयात असलेल्यांची. पाद्रीबाबा त्या वाचतात, एकांसाठी शांती मागतात, दुसऱ्यांसाठी आरोग्य. झिव्काच्या घरी या चिठ्ठ्या रादिसाव लिहायचा, कारण तिला अक्षरं दिसत नव्हती. ती नावं सांगायची आणि तो लिहायचा. स्वतःचं नाव ती कधी सांगत नसे. ते तो आपणहून लिहायचा, तिच्या नकळत, आणि तिला ते माहीत होतं.

तिनं गेलेल्यांपासून सुरुवात केली. सासरे मिलादिन. सासूबाई स्तानिया. तिचे वडील स्रेतेन, आई पेत्रिया. भाऊ बोरिसाव, जो खाणीत गेला. लुका. या नावावर ती जरा थांबली. लुका अकरा दिवस जगला होता, नेवेंकाच्या आधी. मग दीर, मग जाऊ, मग शेजारच्या दोघी बहिणी ज्यांची नावं घ्यायला आता कुणी उरलं नव्हतं.

अंगठा हलला नाही. हात मात्र भरून आला होता, बहात्तर वर्षांचा हात वर धरलेला. नेवेंकानं खालून आईच्या कोपराला तळहाताचा आधार दिला.

नावं संपली होती. म्हणजे एक उरलं होतं. शनिवारी कबरीपाशी ते पाद्रीबाबांनी वाचलं होतं, पण झिव्काचे ओठ तेव्हा मिटलेले होते, हे नेवेंकानं पाहिलं होतं. चाळीस दिवसांत आईनं त्याला "तो" म्हटलं होतं, "तुझे वडील" म्हटलं होतं. या रांगेत त्याचं नाव तिनं घेतलं नव्हतं.

काचेपलीकडे मास्तरांनी टोपी काढून बगलेत धरली.

"रादिसाव," झिव्का म्हणाली.

अक्रोडाचं एक पान काचेवर पडलं आणि घसरून खाली गेलं. नेवेंकाला वाटलं, आता आई हात काढून घेईल. पण झिव्कानं श्वास घेतला आणि दुसरी चिठ्ठी सुरू केली. नेवेंका. जावई. नातू ओग्न्येन, नात तेओदोरा. तिहोमिर, आणि हे नाव तिनं मुद्दाम जोरात घेतलं, काचेपलीकडे ऐकू जावं म्हणून. मग ती पुन्हा थांबली. ही चिठ्ठी इथेच थांबायची नेहमी. पुढचं एक नाव लिहिणारा आता पहिल्या चिठ्ठीत होता.

नेवेंकाच्या ओठांवर ते नाव आलं होतं. तिनं ते गिळलं. मास्तरांनी तिला कधी आपणहून उत्तर सांगितलं नव्हतं, आणि आत्ता पहिल्यांदा तिला त्याचं कारण कळलं.

"झिव्का," आई म्हणाली. हळू, पण स्पष्ट. कुणीतरी तिला हाक मारावी आणि तिनं ओ द्यावी, तसं.

दोन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. मास्तरांनी बोट काढलं आणि काचेवर टकटक केलं. झिव्कानं अंगठा काढला. चकती जागेवर होती. आता तिला रात्रभर तसंच राहू द्यायचं होतं, आरसा सकाळी चढवायचा.

झिव्का घरात गेली आणि तिनं फळीखालची पिशवी काढली. रात्रीचा झगा कुठे ठेवलायस, तिनं मुलीला विचारलं. आणि सपाता. दवाखान्यात फरशी थंड असते म्हणतात.

मंगळवारी उजाडत होतं तेव्हा नेवेंकानं आरशाचा पाय चकतीवर सरकवला. तो टक् असा आवाज करून बसला. तिनं खाली ओढून बघितला, मग थोडा अधिक जोरानं ओढला. हलला नाही. तिनं आरसा आपल्या उंचीला वळवला आणि आईला बाजूच्या सीटवर बसवून पट्टा लावला. मास्तर फाटकापाशी हातात बादली घेऊन उभे होते. त्यांनी नुसता हात वर केला.

गाडी गल्लीत आली. महत्त्वाच्या कामाला निघालेल्या माणसाच्या पाठीमागे वाटेवर पाणी ओततात, म्हणजे वाट पाण्यासारखी मोकळी वाहते. निघालेल्यानं मात्र मागे वळून बघायचं नसतं. नेवेंकानं मान वळवली नाही. तिनं आरशात पाहिलं. मास्तरांनी दोन्ही हातांनी बादली उचलली आणि गाडीच्या चाकांच्या खुणांवर पाणी ओतलं.

"ओतलं का मास्तरांनी?" झिव्कानं विचारलं.

"ओतलं."

"किती?"

"सगळी बादली."

"एवढ्या थंडीत. आता ते गोठेल, आणि त्यावरून घसरून तेच पडतील." ती पुढेच बघत होती, जिथे तिच्यासाठी नुसता पांढरा उजेड होता. "गेले का आत?"

नेवेंकानं आरशाकडे नजर टाकली. मास्तर पाण्याला वळसा घालून, एकेक पाऊल जपून टाकत, फाटकाकडे चालले होते. त्यांनी फाटक धरलं.

"गेले."

"मग जरा जोरात चालव," झिव्का म्हणाली. "नंबर आपला आहे."